दाखला कोणी दिला?





२४ नोव्हेंबरला उपासना झाल्यावर आमच्याकडे नाताळच्या तयारीची सभा बसली. मांडव कोणाचा, कॅरलसाठी गाडी कोणाची, प्रेमभोजनाला आचारी तोच की दुसरा, असे दरवर्षीचे विषय. मी एकच विचारलं, की हॉलच्या मागच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे? कोणालाच माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी मागच्या दाराने ॲम्प्लिफायर चोरीला गेला, तेव्हापासून तिथे कुलूप आहे आणि कुलपासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. एक तरुण हसत म्हणाला, "काका, हॉलचा दाखला तर तुमच्याच सहीचा आहे ना?"

खरं आहे. मी एका सरकारी खात्यात उपयंत्री होतो. त्या हॉलमध्ये तेव्हा बालवाडी भरायची, म्हणून इमारत सुरक्षित असल्याचा दाखला लागत होता, आणि सही माझी आहे. सही केली त्या दिवशी मागचं दार उघडं होतं की बंद, ते मला आठवत नाही. मी छताच्या भेगा बघितल्या होत्या, पायाजवळची ओल बघितली होती. दाराकडे बघितल्याचं आठवत नाही.

ही सभा झाली त्याच्या नऊ दिवस आधी, १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री, झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजमध्ये नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १० बाळं त्याच रात्री गेली. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरजवळ शॉर्ट सर्किट झालं असं सांगण्यात आलं. खिडक्या फोडून बाकीच्यांना बाहेर काढावं लागलं. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बाळं तिथे ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी उत्तर प्रदेशच्या उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की फेब्रुवारीत या इस्पितळाचं फायर ऑडिट झालं होतं आणि जूनमध्ये मॉक ड्रिलही झाली होती. हे वाक्य मी दोनदा वाचलं. ऑडिट झालं होतं! म्हणजे कोणीतरी तिथे गेलं, बघितलं, लिहिलं, सही केली.

आपल्याकडे आग लागली की पहिला प्रश्न ठरलेला: एनओसी होती का? नव्हती, तर मालक चोर. होती, तर शॉर्ट सर्किट, म्हणजे देवाची मर्जी. एनओसी देणारा माणूस कोण होता, तो काय शिकला होता, तो किती वेळ तिथे थांबला, हे कोणी विचारत नाही. माझ्यासारख्याला तर हे कोणी कधीच विचारलं नाही.

भंडारा तर आपल्याला तुमसरमार्गे दोन-अडीच तासांवर. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षात १७ बाळं होती. ७ वाचली, १० धुराने आणि आगीने गेली. कक्षाचे दोन भाग होते, एकातली सगळी वाचली, दुसऱ्यातली सगळी गेली. तेव्हा आपल्या गावातही मेणबत्त्या लावून प्रार्थना झाली होती, अनेकांना आठवत असेल. त्या इस्पितळात आग विझवण्याच्या यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता असं नंतर छापून आलं. महाराष्ट्राने मग राज्यभरातल्या इस्पितळांच्या ऑडिटचे आदेश दिले. म्हणजे भंडाऱ्यात दोष काय, तर तपासणीच नाही.

त्यानंतर आपलं जबलपूर. १ ऑगस्ट २०२२, न्यू लाइफ मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल. वारासिवनीतले लोक गंभीर दुखण्याला गोंदिया-नागपूरला जातात तसेच जबलपूरलाही जातात, ते आपलं संभागाचं ठिकाण आहे, म्हणून ही बातमी इथे घराघरात पोचली. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, आणि आग लागली ती नेमकी दर्शनी बाजूला, जिथून आत-बाहेर जायचा एकच रस्ता होता. ८ माणसं गेली. तात्पुरती फायर एनओसी होती, तिची मुदत उलटून गेली होती. सरकारने कारवाई केली. निलंबित कोण झालं? जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी, शहराचा फायर अधिकारी, आणि इस्पितळाची तपासणी करून आलेल्या पथकातले डॉक्टर.

इथे थोडं थांबतो. डॉक्टर! इस्पितळाच्या नोंदणीआधी इमारत बघायला डॉक्टर पाठवले होते. त्यांचा दोष नाही असं मी म्हणत नाही, सही केली तर जबाबदारी आली. पण डॉक्टरला खाटा मोजता येतात, ऑक्सिजनची लाइन बघता येते, ऑपरेशन थिएटर स्वच्छ आहे का ते कळतं. जनरेटर दाराजवळ ठेवला तर आग लागल्यावर दारच बंद होईल, हे बघायची नजर त्यांना कोणी शिकवली होती? मला तीन वर्षांच्या सिव्हिल डिप्लोमात कोणी शिकवली नव्हती. काँक्रीटचं प्रमाण, बीमचं सळई-गणित, नाल्यांचा उतार, हे सगळं शिकलो. माणसं एका खोलीतून किती वेळात बाहेर पडतात, धूर कोणत्या वाटेने चढतो, दार आत उघडावं की बाहेर, हे मी निवृत्त झाल्यावर स्वतः वाचून शिकलो.

आता उलटी बाजू बघा. आपल्या तालुक्यात धानाच्या मिली आहेत. उसना तांदूळ करायचा तर बॉयलर लागतो. त्या बॉयलरसमोर उभं राहणाऱ्या माणसाला बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं, आणि बॉयलरचा कायदा २०२५ पर्यंत १९२३ चाच होता, म्हणजे शंभर वर्षं जुना. घरात वायरिंग करणाऱ्या वायरमनला परमिट लागतं. ट्रक चालवायला वेगळं लायसन्स. आणि तीनशे लेकरं बसतात ती इमारत आगीपासून सुरक्षित आहे असं लिहून देणाऱ्याला? माझ्या नोकरीभरात मला पेनाशिवाय काही लागलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलं होतं. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ ला स्वयंपाकाच्या शेडमधून आग वर गेली, ९४ मुलं गेली. उतरायला अरुंद जिना. त्यावरच्या याचिकेत, अविनाश मेहरोत्रा खटल्यात, १३ एप्रिल २००९ ला न्यायालयाने देशभरातल्या सरकारी-खाजगी सगळ्या शाळांसाठी आदेश दिले: आग विझवणारी उपकरणं ठेवा, शिक्षक-कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवा, इमारतीची राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तपासणी करा, आणि नीट तपासणी झाल्यावरच दाखला द्या. कामात हलगर्जी करणाऱ्या इंजिनियरवर आणि अधिकाऱ्यावर तत्काळ शिस्तभंगाची कारवाई करा, असंही त्यात आहे. त्या निकालानंतर आमच्या टेबलावर शाळांच्या फायलींचा ढीग आला. निकालाची प्रत मात्र आली नाही, एक छापील नमुना आला. त्यात रकाने होते: छत, भिंती, फरशी, विद्युत, अग्निशामक यंत्र "आहे / नाही". लाल सिलिंडर भिंतीला टांगलेला दिसला की मी "आहे" वर खूण करायचो. गेजचा काटा हिरव्यात आहे का, शेवटचा भरला कधी, शिपायाला पिन काढता येते का, यासाठी रकाना नव्हता. आणि रकाना नसला की सरकारी माणसाच्या डोळ्यांना ती वस्तू दिसत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं, आणि ते लायसन्सधारक एजन्सीकडूनच घ्यावं लागतं. कायदा होता तरी भंडारा झालं, हे विसरू नये. पण निदान तिथे विचारता तरी येतं की अमुक जुलैचं प्रमाणपत्र दाखवा, एजन्सीचा लायसन्स नंबर दाखवा. आपल्या मध्य प्रदेशाला २०२४ पर्यंत स्वतःचा अग्निशमन कायदा नव्हता. केंद्रीय गृहखात्याने २०१९ मध्ये सगळ्या राज्यांसाठी नमुना विधेयक पाठवलं. आपल्याकडे मसुद्याची चर्चा होत राहिली आणि काम २०१२ च्या भूमी विकास नियमांवर आणि राष्ट्रीय इमारत संहितेवर चालत राहिलं. मधल्या काळात, १२ जून २०२३ ला, भोपाळचं सातपुडा भवन जळालं. त्या इमारतीत आरोग्य संचालनालयाचे मजले होते. इस्पितळांना फायर एनओसी मागणाऱ्या खात्याची स्वतःचीच कचेरी. असो.

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे आपली वारासिवनीची नगरपालिका यात थेट येते. दमकलची गाडी असणं हे अर्धं काम झालं, आग लागल्यानंतरचं. आग लागायच्या आधी जाऊन बघणारा माणूस हे उरलेलं अर्धं, आणि लहान गावात तो माणूस म्हणजे कोण? ज्या उपयंत्र्याकडे नळ, नाल्या, रस्ते, पंतप्रधान आवासची घरं, अतिक्रमण, सगळंच आहे, तोच. त्याला मी दोष देत नाही. मीही तोच होतो.

आणि गंमत बघा, या विद्येचं देशातलं सगळ्यात मोठं ठिकाण आपल्या उशाशी आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि लगेच नागपूरला आलं. केंद्रीय गृहखात्याचं आहे ते. सब-ऑफिसरच्या कोर्सपासून फायर इंजिनिअरिंगच्या बी.ई.पर्यंत तिथे शिकवतात. देशभरातल्या राज्यांची पोरं तिथे येतात. आपली पोरं नागपूरला नर्सिंगला जातात, बी.एड.ला जातात, आयटीआयला जातात. फायर इंजिनिअरिंगला गेलेला वारासिवनीचा एकही मुलगा-मुलगी माझ्या ओळखीत नाही. कोणी असेल तर कृपया कळवा, मला मनापासून भेटायचं आहे.

२०१७ चा जून आठवतो? ७ तारखेला बालाघाटजवळ खैरीच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला, वीसहून जास्त मजूर गेले, त्यात बाया किती होत्या हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. बरोबर एका आठवड्याने, १४ जूनला, लंडनमध्ये ग्रेनफेल नावाच्या टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. गरिबांचीच इमारत ती. तिकडे चौकशी सात वर्षं चालली, शेवटचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. तोवर इंग्लंडने २०२२ मध्ये नवा इमारत सुरक्षा कायदा केला, आणि एप्रिल २०२४ पासून इमारत निरीक्षकाला नोंदणीशिवाय काम करता येत नाही. नोंदणीचे वर्ग आहेत. पहिल्या वर्गातला शिकाऊ असतो, त्याने देखरेखीखालीच काम करायचं. पुढच्या वर्गासाठी आपली पात्रता सिद्ध करावी लागते. चौकशी अहवालाने तर "फायर इंजिनियर" हे नावच कायद्याने राखीव करा, कोणीही लावू नये, असं सुचवलं आहे. आपल्याकडे नावाच्या मागे डॉक्टर कोणीही लावू शकत नाही, तसंच. अमेरिकेत फायर इन्स्पेक्टरने काय काय येऊन दाखवावं याचं वेगळं छापील मानक पूर्वीपासून आहे. मोठ्या देशांचं आपल्याला कशाला, असं म्हणणारे भेटतील. पण बॉयलर अटेंडंटची परीक्षा आपणच घेतो ना? तेवढंच तर मागतो आहे.

आता एक गोष्ट, जी आपल्या सभांमध्ये कुजबुजत बोलली जाते. तपासणी म्हटलं की आपल्या शाळा-वसतिगृहांच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. कोण येईल, काय शोधेल, कशावरून नोटीस देईल. ही भीती उगाच नाही, आणि ती आहे म्हणून आपण एक सोपा उपाय करतो: फाइल गच्च भरून ठेवतो. कागद पूर्ण, की सुटलो. मी इतकंच म्हणतो की निरीक्षकाची पात्रता आणि त्याने काय बघायचं याची यादी कायद्यात लिहिलेली असली, तर सगळ्यात जास्त फायदा आपल्यासारख्यांचा आहे. न शिकलेल्या माणसाच्या हातात मर्जी असते. शिकलेल्याच्या हातात माप असतं, आणि मापावर अपील करता येतं. जिन्याची रुंदी टेपने मोजता येते, कोणाच्या धर्माने ती कमी-जास्त होत नाही.

पण त्यासाठी आपलं घर आधी बघावं लागेल. अनुवादाच्या पुस्तकात, २२ व्या अध्यायात, नवं घर बांधणाऱ्याला धाब्यावर कठडा घालायला सांगितलं आहे, नाहीतर तिथून कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. यावर मी लहानपणापासून एकही उपदेश ऐकला नाही. पाळकसाहेबांना हे पत्र वाचून राग येणार नाही अशी आशा आहे.

नाताळचंच घ्या. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवालीला शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. सिंथेटिक कापडाचा मांडव, बाहेर पडायला एकच फाटक. चारशेहून जास्त माणसं काही मिनिटांत गेली, बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. आपला मांडव कोणत्या कापडाचा असतो? मी परवा टेंटवाल्याकडे जाऊन हात लावून आलो. तेच कापड. जनरेटर दरवर्षी फाटकाला लागून उभा करतात, कारण वायर कमी लागते. प्रेमभोजनाची भट्टी आणि सिलिंडर मांडवाच्या कनातीला चिकटून. ताऱ्याची आणि लायटिंगच्या माळांची जोडणी तरुण संघ करतो. उत्साह पुष्कळ, पण परमिट एकाकडेही नाही. त्यात मध्यरात्रीच्या उपासनेला हातात मेणबत्त्या. इजिप्तमध्ये गीझाच्या अबू सेफीन चर्चमध्ये १४ ऑगस्ट २०२२ ला, रविवारी सकाळी, उपासना चालू असताना आग लागली. ४१ जण गेले, त्यात कितीतरी मुलं. तिथे तर मांडवही नव्हता.

म्हणून सभेत मी चार गोष्टी मागितल्या आणि त्या इथेही लिहितो, कारण शेजारच्या मंदिर समितीला, मदरशाला, लॉनवाल्यांना त्यांचा तितकाच उपयोग आहे. मांडवाला समोरासमोर दोन वाटा, प्रत्येक वाटेवर एक माणूस, कार्यक्रमभर. जनरेटर आणि भट्टी वाटेपासून आणि कापडापासून लांब, वायर जास्त लागली तर लागू द्या, पैसे मी देतो. जोडणी परमिट असलेल्या वायरमनकडून. आणि मंडळीतल्या किमान दहा जणांनी सिलिंडरची पिन स्वतःच्या हाताने काढून एकदा फवारून बघायची. शेवटच्या मुद्द्यावर खजिनदार म्हणाले, "एकदा फवारला की परत भरायचे पैसे लागतात." लागतात. द्यावेत.

नगरपालिकेकडे माझं वेगळं मागणं आहे आणि तसा अर्ज मी देणार आहे. शाळा, इस्पितळ, लॉन, कोचिंगचे वर्ग यांना दाखला मिळाला की दर्शनी भागात एक पाटी लावावी: तपासणी कोणी केली, त्यांचं शिक्षण काय, तारीख काय, पुढची तपासणी कधी. नाव आलं की माणूस जपून सही करतो. माझ्या सह्यांखाली माझं नाव होतं, पण ते फायलीत होतं. ते दारावर असतं तर मी दार बघितलं असतं. दुसरं, नगरपालिकेच्या एका तरी कर्मचाऱ्याला नागपूरच्या कॉलेजात शिकायला पाठवावं. आमदार-खासदारांना जमलं तर त्यांनी भोपाळला मसुद्याचं काय झालं तेही विचारावं.

१ डिसेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर आम्ही खुर्च्या हलवल्या. किल्ली सापडलीच नाही, कुलूप हॅक्सॉने कापलं. दार गंजलं होतं, तिघांनी ढकललं तेव्हा कुठे हललं, आणि मग कळलं की ते बाहेर ढकलायचंच नाही, ते आत ओढून उघडतं. गर्दी आतून रेटत असेल तर कोणाच्या बापाला उघडणार नाही. चौकट फिरवून बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला बसवाव्या लागतील. सुताराने दोन हजार सांगितले आहेत आणि मंगळवारी येतो म्हणाला आहे.

आपला,
एक निवृत्त उपयंत्री,
वारासिवनी, जि. बालाघाट